जिवाणूंचा निरोप आणि जनुकांची देवघेव

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या जिवाणूवर औषध चालेनासं होतं, तेव्हा ती ताकद त्याला पुष्कळदा शेजारच्या पेशीकडून मिळालेली असते. प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं एक सुटं वर्तुळ, दात्या पेशीतून ग्राहक पेशीत जातं. पण त्यासाठी लागणारी यंत्रणा उभारायला बरीच प्रथिनं आणि ऊर्जा खर्ची पडते. जवळ ग्राहकच नसेल तर तो खर्च वाया. मग ग्राहक आला, हे दात्याला कळतं कसं?

आपल्या आतड्यात राहणाऱ्या एन्टेरोकोकस फीकॅलिस या जिवाणूत याचं उत्तर फार स्पष्ट दिसतं. 1978 साली गॅरी डनी, डॉन क्लेवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ग्राहकांच्या कल्चरमधल्या, म्हणजे पोषक द्रवात वाढवलेल्या, पेशी गाळून काढून नुसता द्रव दात्यांत मिसळला तरी दाते एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. निरोप त्या द्रवात होता.

टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला न जुमानण्याचं जनुक वाहणाऱ्या पीसीएफ-10 या प्लाझ्मिडचंच पाहा. त्याला जागवणारा निरोप म्हणजे सीसीएफ-10, अवघ्या सात अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी. दाता ते आत ओढून घेतो. आत प्रिगएक्स नावाचं प्रथिन प्लाझ्मिडच्या डीएनएला वेटोळं घालून जनुकं दाबून बसलेलं असतं. पेप्टाइड त्याला चिकटलं की वेटोळं सुटतं, पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिन येतं, दाता ग्राहकाला धरतो आणि डीएनएचा एक धागा पलीकडे सरकतो.

खरी मेख पुढे आहे. सीसीएफ-10चं जनुक प्लाझ्मिडवर नसून गुणसूत्रावर, म्हणजे पेशीच्या मुख्य डीएनएवर असतं, त्यामुळे दाताही ते पेप्टाइड बनवतो! स्वतःच्याच हाकेला तो ओ देत नाही, कारण प्लाझ्मिडवर दोन बंदोबस्त आहेत. प्रिगवाय हे प्रथिन स्वतःच्या निरोपाचा जोर कमी करतं. शिवाय आयसीएफ-10 हे दुसरं, सातच अमिनो आम्लांचं पेप्टाइड प्रिगएक्सवरची तीच जागा अडवतं आणि वेटोळं घट्ट करतं. निर्णय ठरतो तो सीसीएफ-10 आणि आयसीएफ-10 यांच्या प्रमाणावर. यंत्रणा सुरू झाली की आयसीएफ-10ही जास्त बनतं, त्यामुळे काही वेळाने ती आपोआप थंडावते.

रक्तात मात्र हा तोल बिघडतो. रक्तद्रवातले घटक आयसीएफ-10ला बांधून ठेवतात, मग ग्राहक नसतानाही दाता पेटून उठतो. चिकट प्रथिन आजाराची तीव्रता वाढवू शकतं, म्हणून ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

प्रयोगशाळेत हे पाहायचं तर दात्यांच्या वाढत्या कल्चरमध्ये मिलीलिटरला काही नॅनोग्रॅम सीसीएफ-10 पुरतं. तासा-दोन तासांत गुठळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हे पेप्टाइड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मूळ द्रावण डीएमएसओसारख्या द्रावकात करावं. पेशींच्या मोजणीतही फसगत होते: एरवी एका पेशीपासून एक वसाहत, म्हणजे डोळ्यांना दिसणारा ठिपका, वाढतो; पण इथे अख्ख्या गुठळीची एकच वसाहत उगवते आणि आकडा कमी येतो. ताटलीवर पसरण्याआधी ईडीटीए हे रसायन घालून गुठळ्या फोडाव्यात. जनुक मिळालेले ग्राहकच तगावेत म्हणून ताटलीत दोन प्रतिजैविकं एकत्र घालतात; अशा ताटल्यांवर नुसते दाते आणि नुसते ग्राहकही वेगवेगळे लावावेत. तिथे वसाहती उगवल्या, तर त्या उत्परिवर्तनाच्या आहेत, जनुक मिळाल्याच्या नव्हेत.