नेट स्लो झालंय? आधी दिवे बघा

नमस्कार श्रोतेहो.

'नेट लई स्लो झालंय, माणूस पाठवा.' संध्याकाळ झाली की आपल्या केबलवाल्याला असे फोन सुरू होतात. कोल्हापुरात राजारामपुरीतून येतात, शिवाजी पेठेतून येतात, आणि पाऊस लागला की कसबा बावड्यातून जरा जास्तच. पण एवढ्यावरून लाइनमनला काय कळणार? दोष गल्लीतल्या वायरीत, घरातल्या वायरीत की तुमच्या वायफायमध्ये? मॉडेमवरचे दिवे यातलं बरंच काही सांगतात. आपण बघत नाही, एवढंच.

आधी आपलं कनेक्शन कुठलं ते ओळखा. शहरात बऱ्याच घरांत आता फायबर आलंय. डब्यात बारीक वायर आणि हिरवं किंवा निळं प्लास्टिकचं टोक जात असेल, तर ते फायबर. तिथं 'पॉन' दिवा स्थिर हवा आणि 'लॉस' विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल, तर वायरीतून प्रकाशच पोचत नाही. कपाटामागं वायर दुमडली असेल तर सैल करा. टोक काढून त्यात डोळा घालून मात्र बघू नका. तो लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. बाकी काम लाइनमनचं.

टीव्हीसारखी जाड काळी केबल आणि फिरवून घट्ट करायचं धातूचं टोक असेल, तर मात्र आपल्याला करण्यासारखं बरंच आहे.

हा मॉडेम चालू केला की दिवे क्रमानं लागतात. आधी पॉवर. मग 'डीएस', म्हणजे डाउनस्ट्रीम. पलीकडून येणारा सिग्नल मॉडेम शोधत असतो आणि सापडेपर्यंत हा दिवा लुकलुकतो. मग 'यूएस', अपस्ट्रीम. आता मॉडेम उलट हाक मारतो आणि तिकडून 'ऐकू आलं' असा निरोप येईपर्यंत आवाज चढवत नेतो. शेवटी 'ऑनलाइन'. याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात आपण वैतागून पुन्हा बटण दाबतो, आणि बिचाऱ्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

डीएसच लुकलुकत राहिला, तर केबलचं टोक हातानं घट्ट करून बघा. शेजारच्यांचंही बंद असेल तर दोष बाहेरचा, घरात शोधू नका. यूएसवर गाडी अडली, तर माझा पहिला संशय स्प्लिटरवर, म्हणजे एका केबलच्या दोन-तीन फाटे करणाऱ्या जोडावर. दोन तोंडांच्या स्प्लिटरमधून प्रत्येक बाजूला निम्म्याहून कमी सिग्नल जातो, साधारण ३.५ डेसिबलची घट. आता आपल्या पेठांतली जुनी घरं आठवा. एक टीव्ही खाली, एक माडीवर, भावाभावांत वाटणी झाली की केबलचीही वाटणी, आणि प्रत्येक वाटणीला एक स्प्लिटर! त्या साखळीच्या शेवटी मॉडेम असेल, तर त्याला ओरडूनच बोलावं लागणार.

तपासायचं कसं? बाहेरून येणारी केबल सगळे स्प्लिटर टाळून थेट मॉडेमला लावा. नेट सुधारलं, तर चोर सापडला. बऱ्याच केबल मॉडेमचं स्वतःचं पान असतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की उघडतं. तिथं डाउनस्ट्रीमची पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) आत असली की चांगली. अपस्ट्रीमचा आकडा ५० च्या वर गेला असेल, तर तो लिहून ठेवा आणि लाइनमनला दाखवा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. गच्चीवरच्या जोडात पाणी शिरतं, आतली जाळी गंजते. मग सरीबरोबर नेट जातं आणि ऊन पडलं की आपोआप येतं. लाइनमन येतो तेव्हा नेमकं चालू असतं, आणि तो 'सगळं ओके आहे की' म्हणून जातो. त्याला पावसाचं आवर्जून सांगा आणि गच्चीवरचा जोड बदलून मागा. केबल खिडकीतून आत घेताना बाहेर थोडी खाली झुकलेली हवी, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं. वळवाचं आभाळ भरून आलं, की विजा कडाडायच्या आधीच ॲडॉप्टर आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

अशा सैल, गंजलेल्या जोडातून बाहेरचा गोंगाटही आत शिरतो. तो परतीच्या वाटेवर, म्हणजे अपस्ट्रीममध्ये, साऱ्या गल्लीचा एकत्र होतो. म्हणजे दोष शेजाऱ्याच्या जोडात, आणि व्हिडिओ कॉल तुटतो तुमचा.

सगळे दिवे जागेवर, तरी हळू? मग लॅपटॉपला लॅनची वायर लावून वेग मोजा. वायरीवर ठीक असेल तर वायफाय बघा. मॉडेम टीव्हीमागं कोंबलेला असतो, मध्ये काळ्या दगडाची भिंत असते. तिथं वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल टिकत नाही, मॉडेम उघड्यावर आणा. आणि प्लॅनचा एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट; म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर जात नाही, त्यावरून भांडू नका. वायरीवर दुपारी झकास आणि रात्री नऊला रडतंय, असं रोज होत असेल, तर गल्लीची लाइन भरलीय. मॉडेम कितीही बंद-चालू करा, उपयोग नाही. दोन्ही वेळचे आकडे तारखेसह द्या आणि जोडण्या वाटून द्यायला सांगा.

मागच्या बारीक भोकात पिन मात्र घालू नका. त्या रीसेटनं वायफायचं नाव, पासवर्ड आणि कधीकधी लॉगिनही पुसलं जातं, आणि मग स्लो का होईना चालणारं नेट लाइनमन येईपर्यंत बंदच.