मोरीखालीच मासे का मिळतात?

मृगाचा पाऊस दोन रात्री लागून राहिला की कोकणात एक बातमी फोन न करताही गावभर होते. मासे चढायला लागले! बॅटऱ्या निघतात, पाग म्हणजे फेकायची जाळी निघतात, कोणी कोयता घेतो, कोणी नुसतीच बादली, आणि अर्धी वाडी वहाळावर. वहाळ चांगला दोन-तीन किलोमीटर लांब. तरी गर्दी कुठे? रस्त्याच्या मोरीखाली, म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जायची वाट असते तिथे. नाहीतर बंधाऱ्याच्या पायथ्याशी. वर्षानुवर्षं जागा ठरलेल्या आहेत.

नमस्कार मंडळी. आज चढणीच्या माशांबद्दल बोलायचंय, वलगण म्हणा हवं तर. पण रश्शाबद्दल नाही. मोरीखालीच मासे का मिळतात, एवढाच प्रश्न आहे.

आधी मासा चढतो कशाला, ते बघू. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि मासे नदीच्या डोहांत, कोंडींत तग धरून राहतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी वाढतं, गढूळ होतं, जरा गार होतं. माशाला तेवढी खूण पुरते. प्रवाहाच्या उलट निघायचं आणि वर उथळ पाण्यात जायचं. भाताचं तुंबलेलं खाचर, गवतात शिरलेलं पाणी, ओढ्याचा वरचा पसरट भाग. तिथे मोठे शिकारी मासे कमी आणि पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर. तिथे अंडी घालायची. पावसाळा सरता सरता पिल्लं पाण्याबरोबर खाली नदीत येतात. जूनमध्ये पकडलेल्या माशात गाभोळी सापडते ती म्हणूनच.

सगळे मासे मात्र एकाच पद्धतीने चढत नाहीत. डाकू नावाचा मासा हवेतला श्वास घेऊ शकतो, त्यामुळे तो ओल्या गवतातून सरपटत पुढच्या पाण्यात पोचतो. अहीर, म्हणजे सापासारखा लांबट मासा, तर सगळ्यांच्या उलटा. जन्म समुद्रात, वाढ नदीत, आणि त्याची पिल्लं ओल्या दगडी भिंतीला चिकटून वर चढतात. बघायला मिळालं तर सोडू नका, भन्नाट प्रकार आहे. पण खवल्यांचे साधे मासे, म्हणजे आपल्या नद्यांतले बहुतेक, त्यांना पाण्यातूनच जावं लागतं. पाण्याची धार तुटली की त्यांचा रस्ता संपला.

(स्क्रीनवर: मोरीचा खालच्या बाजूने काढलेला फोटो)

आता हा फोटो नीट बघा. वर डांबरी रस्ता, खाली तीन ह्यूम पाइप, पाइपांच्या तोंडाशी काँक्रीटची फरशी. मोरी बांधली तेव्हा ही फरशी ओढ्याच्या तळाला टेकलेली असणार. पण पाइपातून पाणी सुटतं ते जोरात, आणि फरशीच्या कडेखालची माती, गोटे खणून नेतं. काही पावसाळे गेले की तिथे खड्डा पडतो आणि फरशी अधांतरी राहते. आता कडेवरून दीड फूट खाली धार पडते. रस्त्यावरून गाडी नेताना आपल्याला याचा पत्ताही नसतो. बोटभर माशासाठी मात्र ती भिंत आहे.

समजा, एखादा उडी मारून फरशीवर पोचला. पुढे पाइप. माशाचा जोर मोजायचा एक ढोबळ हिशेब आहे: जीव तोडून पोहला तर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या साधारण दहापट अंतर, तेही काही सेकंदच. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या माशाला सेकंदाला एक मीटर. पाइपातलं पाणी सेकंदाला दोन मीटरने अंगावर येत असेल तर तो जागच्या जागीही टिकत नाही. उघड्या ओढ्यातही पाणी कधीकधी तेवढ्याच वेगाने येतं, पण तिथे दगड असतात. दगडामागे पाणी संथ असतं. मासा तिथे थांबतो, दम खातो, पुढच्या दगडापर्यंत जातो. सिमेंटच्या गुळगुळीत पाइपात थांबायला जागाच नाही. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून वर चढून बघा, तसलं काम.

मग मासे खालच्या खड्ड्यात जमतात. उड्या मारतात, फरशीवर आपटतात, पुन्हा मारतात. मागून आणखी येतच असतात. आणि वर बॅटरी धरून आपण उभे. गावातल्या प्रत्येक जुन्या मासेमाराला चढणीच्या जागा तोंडपाठ असतात ना? ती यादी म्हणजे त्या नदीवरच्या अडथळ्यांची यादी आहे. सरकारी कागदावर इतकी चोख क्वचित मिळेल.

दरवर्षी जून आला की आवाहनं सुरू होतात, चढणीचे मासे पकडू नका. मला ते अर्धंच पटतं. गाभोळीचे मासे पोत्यांनी नेऊ नयेत, बरोबर. जिलेटिनच्या स्फोटक कांड्या फोडणं, पाण्यात विष कालवणं हा तर गुन्हाच आहे, तोही १८९७ च्या कायद्यापासून. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ती समुद्रापुरती, नदीच्या चढणीला लागू नाही. पण समजा, उद्या एकही माणूस पाग घेऊन गेला नाही. मोरीखालचा मासा वर पोचेल का? नाही पोचणार. त्या खड्ड्यातच अडकून राहील. दोष सगळा पागवाल्याच्या माथी मारला की मोरी बांधणारा अलगद सुटतो.

अडथळा म्हटलं की आपल्याला धरण आठवतं. साहजिक आहे, महाराष्ट्रात मोठी धरणंच दोन हजारांच्या वर आहेत. पण युरोपात संशोधकांनी दीडशेच्या आसपास नद्यांचा मिळून २७०० किलोमीटरहून जास्त काठ पायी तुडवला आणि २०२० मध्ये आकडा दिला: ३६ देशांत किमान १२ लाख अडथळे. त्यातले ६८ टक्के दोन मीटरपेक्षा कमी उंचीचे! छोटे बांध, उंबरे, मोऱ्या. कित्येकांची तर कुठेच नोंद नव्हती. आपल्याकडे अशी पायपीट करून मोजदाद झाली तर चित्र फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही.

मोठ्या अडथळ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यातून एक मुद्दा निघतो. हिलसा, आपल्याकडचा पाला. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा. गंगेत तो पूर्वी अलाहाबादच्याही पुढे, आग्रा-दिल्लीपर्यंत जात असल्याच्या नोंदी आहेत. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये फरक्का बॅरेज, म्हणजे नदीवरचा दारांचा आडवा बांध, सुरू झालं. हेतू काय, तर गंगेचं पाणी हुगळीत वळवून कोलकाता बंदरातला गाळ वाहून न्यायचा. बॅरेजच्या वरचा हिलसा जवळपास संपला. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या मच्छीमारांच्या जाळ्यातून तो गेलाच. माशांसाठी वाट ठेवली होती, पण चालली नाही. पाश्चात्त्य देशांतल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटा सामन (सॅल्मन) माशासाठी आखलेल्या, आणि सामन उड्या मारत चढतो. हिलसा थव्याने, मोठ्या प्रवाहातून जाणारा. अरुंद वाटेला तो लागत नाही. पुढे २०१९ मध्ये योजना जाहीर झाली की बोटींसाठी बांधायच्या नव्या लॉकचं (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा, दारं असलेला कोठा) दार रात्री एक ते पहाटे पाच थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे हिलसाला वर जाता येईल. दरम्यान बॅरेजखाली पकडलेले हिलसा खुणेची पट्टी लावून वर सोडण्याचं कामही सुरू झालं.

ते दार किती वाजता उघडायचं, हे लक्षात ठेवा. बांधकाम आहे तसंच राहणार, बदलतेय फक्त वेळ.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात तर याची गंमतच केली आहे. गावातल्या जुन्या लॉकमधून वसंतात बोटी फारशा जात नाहीत, म्हणून दार बंद. पण माशांची वर जायची वेळ नेमकी तीच. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. कोणीही घरबसल्या बघायचं, मासा दिसला की स्क्रीनवरची बेल दाबायची. पुरेशा बेला झाल्या की कर्मचारी दार उघडतो. जगभरातून लोक रात्री-अपरात्री बेल दाबत बसतात. मीही दाबली आहे, लपवत नाही.

आता आपल्याकडे या. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली, काम २०२४ मध्ये संपलं आणि काही आठवड्यांतच शंभरहून जास्त वर्षांनी सामन वरच्या पात्रात दिसला. छान आहे. पण आपल्याकडे कोयना कोणी पाडणार नाही, पाडावं असं माझंही म्हणणं नाही. शेताला पाणी लागतं. आपल्या हातातली गोष्ट वेगळी आहे, आणि ती कोल्हापुरात तयारच आहे.

(स्क्रीनवर: कोल्हापुरी बंधारा, बर्गे काढलेला)

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत ओळीने खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवलेले बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळा संपला की बर्गे टाकायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी काढायचे, नाहीतर पुराचा लोंढा आणि गाळ सगळा बंधाऱ्यावर बसतो. हे वेळापत्रक माशांसाठी ठरवलेलं नाही. पण जूनमध्ये, नेमकं चढणीच्या वेळी, ही भिंत उघडी असते! वनराई बंधाऱ्याचंही तसंच. माती भरलेल्या सिमेंटच्या गोण्या पहिल्या पुरात जातात. सिमेंट नाला बंधारा मात्र बारा महिने जागचा हलत नाही.

कोल्हापुरी बंधाऱ्याची अडचण आहे ती माणसांची. बर्गे वेळेत निघत नाहीत. काही गाळात रुततात, काही चोरीला जातात, मग उरलेले तसेच राहू द्यायचे. काही ठिकाणी बर्गे निघाले तरी खांबांच्या खालचा उंबरा पाण्याने खणला गेलेला, म्हणजे पुन्हा मोरीसारखीच अधांतरी कड. आणि ऑक्टोबरमध्ये बर्गे टाकायची घाई झाली की उतरणारी पिल्लं वरच राहतात. सगळे एका दिवशी टाकण्याऐवजी मधला एखादा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, आठवडाभर उघडा ठेवला तर पाणी फार जात नाही. शेतकरी यावर भांडेल, भांडू दे. निदान चर्चा तरी होईल.

मोरीचा उपाय त्याहून सोपा. नवी बांधायची असेल तर पाइपाऐवजी बॉक्स मोरी, आणि तिचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा खाली, म्हणजे आत गोटे, वाळू आपोआप साठते आणि माशाला दम खायला जागा मिळते. जुनी असेल तर फरशीच्या कडेखाली मोठे दगड रचून उतार करायचा. एक फूट उंचीला निदान वीस फूट लांब, तोही ओबडधोबडच, वर सिमेंटचा गुळगुळीत थर नको. दगड आणि जेसीबीचं काम. शिवाय कडेखालचं खणणं थांबतं, त्यामुळे मोरीही जास्त टिकते. अभियंत्याशी बोलताना माशांच्या आधी हा दुसरा मुद्दा काढा.

आणि हे बोलायची वेळ मे महिना नाही. तोवर अंदाजपत्रक मंजूर होऊन ठेकेदार पाइप टाकून गेलेला असतो. दिवाळीनंतर ग्रामसभेत रस्त्यांची कामं येतात, तेव्हा उठा. हातात फोटो असू द्या: पहिल्या पावसात, दिवसाउजेडी, मोरीच्या खालून काढलेला, शेजारी मोजपट्टी धरलेली. कड तळापासून किती इंच वर आहे ते त्यात दिसलं पाहिजे.

तुमच्याकडे कोल्हापुरी बंधारा असेल तर यंदा बर्गे कोणत्या तारखेला निघाले, तेवढं कमेंटमध्ये टाका. नदी आणि तालुका लिहायला विसरू नका.