उशीचा काय दोष?

(ठाण्यात, नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘भूल देताना काय बिघडतं आणि ते कसं सावरतात’. त्याकडे येतोच, पण आधी उशीचा प्रश्न निकालात काढू.

सीझर झालेली बाई वॉर्डात आली की मावशी पहिल्यांदा तिची उशी काढून घेतात. ‘चोवीस तास मान उचलायची नाही, डोकं धरेल.’ भेटायला आलेली आत्या, जाऊ, शेजारीण, सगळ्यांचं यावर एकमत. एरवी या तिघींचं चहात साखर किती यावरही जमत नाही. (हशा) पण आडवं पडून राहिल्याने स्पायनलनंतरची, म्हणजे कमरेत सुई टोचून दिलेल्या भुलेनंतरची, डोकेदुखी टळत नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालेलं आहे. झोपलं की ती दबते, एवढंच. उलट पायांची हालचाल थांबली की शिरांत गुठळी होण्याची भीती वाढते, आणि बाळाला पाजताना हाल होतात ते वेगळेच.

मग डोकं धरतं कशाने? त्यासाठी जर्मनीतल्या कील गावी जाऊ. ऑगस्ट १८९८. सर्जन ऑगस्ट बिअर यांनी मणक्यातल्या पाण्यात कोकेन सोडून पायाची शस्त्रक्रिया केली होती. आठवड्याभराने त्यांनी सहायक हिल्डेब्रांटला सांगितलं, आता माझ्यावर कर. सुई बसली, पण सिरिंज सुईला बसेना! औषध सांडलं, आणि बिअरसाहेबांचं मणक्यातलं पाणी भळाभळा वाहून गेलं. मग भूमिका बदलल्या. हिल्डेब्रांटचे पाय सुन्न झाले. बिअरनी त्याला चिमटे काढले, नडगीवर हातोडी मारली, पेटती सिगारसुद्धा टेकवली. पठ्ठ्याला काही कळेना. रात्री दोघांनी वाइन घेऊन आनंद साजरा केला. पुढे बिअर नऊ दिवस अंथरुणात. उठलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की शांत. या दुखण्याचं पहिलं वर्णन रुग्णानेच लिहिलं, आणि तो रुग्ण सर्जन होता. सर्जनला गप्प झोपवणारं दुखणं म्हणून भूलतज्ज्ञांना त्याबद्दल किंचित आदर आहे. (हशा)

कारण त्या गोष्टीतच आहे. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं आवरण असतं, आत पाणी. सुईचं भोक लगेच बुजलं नाही की पाणी झिरपत राहतं. उभं राहिलं की मेंदूचा आधार कमी पडतो, आवरणांना ताण बसतो, आतल्या रक्तवाहिन्या फुगतात. म्हणजे दोष उशीचा नाही, भोकाचा. म्हणून विचारायचं तर सुई कुठली ते विचारा. गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक: २५ गेज साधारण अर्ध्या मिलिमीटरची, २७ त्याहून बारीक. टोकही महत्त्वाचं. तिरक्या धारेची क्विंके सुई ड्युरा कापते. पेन्सिलीसारख्या टोकाची व्हिटेकर तंतू बाजूला सारते, आणि डोकेदुखीचं प्रमाण बरंच घटतं. पेन्सिल टोकाची थोडी महाग पडते, आणि घोडं तिथेच अडतं. एपिड्युरलची, म्हणजे ड्युराच्या बाहेरच्या जागेत भूल देण्याची, जाड सुई चुकून ड्युरात गेली, तर मात्र निम्म्याहून अधिक जणांचं डोकं धरतं.

ही डोकेदुखी बहुतेक पहिल्या पाच दिवसांत सुरू होते. उपाय म्हणजे पॅरासिटामॉल, पुरेसं पाणी, कॅफीन. बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत जाते. फारच असह्य असेल तर ब्लड पॅच: रुग्णाच्या हातातून निर्जंतुक काढलेलं १५ ते २० मिलिलिटर रक्त एपिड्युरल जागेत सोडायचं. गुठळी भोकावर बसते. पण झोपूनही न थांबणारं डोकं, ताप, मान आखडणं, झटके, दिसण्यात फरक यांतलं काही असेल तर सुईवर बिल फाडून मोकळं होऊ नका. कारण दुसरं असू शकतं.

कमरेचंही जाता जाता. टोचल्या जागी काही दिवस ठणकतं, हे खरं. पण दहा वर्षांनी दुखणारी कंबर त्या इंजेक्शनच्या माथी मारू नका. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि पोक काढून बाळाला पाजणं, हे आरोपी मोकळे फिरताहेत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. म्हणजे मूळ विषय आता. (हशा)

खरी घाई असते ती बीपीची. सीझरला ०.५ टक्क्याचं हेवी बुपिवाकेन हे सुन्न करणारं औषध साधारण २ मिलिलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीत देतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. भूल छातीपर्यंत चढावी लागते. गार स्पिरिटचा बोळा फिरवून पातळी बघतात. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही सुन्न होतात आणि बीपी कोसळतं. त्यात गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं. म्हणून उजव्या कुल्ल्याखाली पाचर, सलाइन आणि बीपी चढवणारं फेनिलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम. नाडीही मंदावली तर एफेड्रिन, तेही बीपी चढवणारंच. ‘मळमळतंय’ म्हणाली की आधी बीपी बघायचं, उलटीचं औषध नंतर. हातांना मुंग्या, पकड ढिली, आवाज कुजबुजल्यासारखा झाला, तर भूल फार वर चढलीय. मग ऑक्सिजन, धीर, आणि श्वास पुरेना तर श्वासनलिकेत नळी.

शेवटचं. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं, हलका आहार सहा तास आधी, तेलकट आठ. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, सहा तासांतच धरायचा. कमरेतली भूल असली तरी उपाशी राहायचंच, कारण ती अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. सकाळी मामलेदारची मिसळ झाली असेल तर तसं सांगून टाका. तर्रीसकट.