खोकणारी कोकरं, धडधाकट आई

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या रानमेंढ्यांबद्दल. बिगहॉर्न म्हणतात त्यांना. मोठ्या नराच्या शिंगांचं वजन १४ किलोपर्यंत भरतं. उभ्या कड्यावर लीलया चढणारं हे जनावर न्यूमोनियाने मरतं, आणि मरतं तेव्हा कळपच्या कळप आडवे होतात.

१९९५-९६च्या हिवाळ्यात स्नेक नदीच्या हेल्स कॅन्यनमध्ये सुमारे ३०० रानमेंढ्या गेल्या. अशा साथींचं कारण म्हणून बरीच वर्षं ताणाकडे बोट दाखवलं जाई. कडाक्याची थंडी, निकस चारा, फुप्फुसातले जंत. यात तथ्य आहेच, खंगलेल्या जनावरात रोग बळावतो. पण हे उत्तर फार सोयीचं होतं. हवामानाला दोष दिला की माणसाला काहीच बदलावं लागत नाही.

१९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात सहा रानमेंढ्या आणि सहा पाळीव मेंढ्या एकाच कुंपणात ठेवल्या. अडीच महिन्यांच्या आत सहाही रानमेंढ्या न्यूमोनियाने मेल्या. पाळीव सगळ्या ठणठणीत.

यामागचा मोठा गुन्हेगार पुढे नीट ओळखला गेला: मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी. श्वासनलिकेला आतून केसांसारखे बारीक तंतू असतात. घाण वर ढकलून बाहेर काढायचं काम त्यांचं. हा जंतू त्यांनाच लुळं पाडतो. मग एरवी घशात गप्प बसलेले दुसरे जंतू सरळ फुप्फुसात उतरतात. पाळीव शेळ्यामेंढ्यांच्या नाकात हाच जंतू बहुतेक वेळा निमूट राहतो. एखादा तरुण रानमेंढा भटकत त्यांच्यात जातो, नाकाला नाक लागतं आणि तो परत आपल्या कळपात येतो. एवढं पुरतं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते साथीनंतरचं चित्र. मोठी जनावरं मरायची थांबतात, वसंतात माद्या वितात, कोकरं उड्या मारू लागतात. मग दोन-तीन महिन्यांची झाली की एकेक कोकरू मागे पडतं. कान लोंबलेले, नाक वाहतंय, मान खाली घालून खोकतंय. आई शेजारीच चरत असते, अंगाने भरलेली, धडधाकट. जंतू मात्र तिच्याच नाकात असू शकतो. काही कळपांत हे वर्षानुवर्षं चालतं.

ताणाचा वाटा कुठे, तर फैलावात. मोहावी वाळवंटात २०१३ साली साथ आली. तिथे उन्हाळ्यात मोजक्याच पाणवठ्यांवर जनावरं गोळा होतात. जंतूला आणखी काय हवं?

भरवशाची लस अजून नाही. राहिलं ते दोन्ही कळप लांब ठेवणं. आयडाहोतल्या पेयेट राष्ट्रीय वनात २०१० साली पाळीव मेंढ्यांच्या चराईक्षेत्रात मोठी कपात ठरली. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण मेंढपाळाची जुनी वाट बंद झाली की घराचं काय होतं, हे धनगरांचे वाडे पाहिलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. त्या मेंढपाळांना पर्यायी कुरण मिळालंच पाहिजे.

हेल्स कॅन्यनमध्ये पुढे माद्या पकडून त्यांच्या नाकात कापसाचा बोळा फिरवून तपासण्या झाल्या. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. दर वेळी जंतू सापडला अशा मोजक्याच माद्या कळपातून काढल्या. तिथे उन्हाळा सरतानाही आयांच्या मागे कोकरं दिसू लागली.