पळसाचा रंग घरी करताय? मग फुलं झाडाखालचीच घ्या

नमस्कार मंडळी! फेब्रुवारी संपत आला, नागपुरात दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं आणि कॉमेंटमध्ये तोच प्रश्न पुन्हा सुरू झाला: "ताई, पळसाच्या फुलांचा रंग कसा करायचा?" होळी जवळ आली, तेव्हा आज तेच बघू.

कृती बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. फुलं निवडायची, धुवायची, रात्रभर पाण्यात भिजवायची. घाई असेल तर मंद आचेवर थोडा वेळ उकळायची. मग सुती फडक्यातून गाळून घ्यायचं. भांडं स्टीलचं नाहीतर मातीचं घ्या. लोखंडी कढई नको, लोखंडानं रंग काळवंडतो. झालं!

आता जे खरं सांगायचंय, ते फुलांबद्दल. फुलं झाडाखाली पडलेलीच घ्यायची. फांदी तोडायची नाही, वाकवायची नाही, काठीनं झोडपायची तर मुळीच नाही.

(फूल कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा. ही बाकदार पाकळी दिसते ना, पोपटाच्या चोचीसारखी? आणि देठाजवळ ही काळसर, मखमली वाटी. हात लावला तर लव जाणवते. या वाटीच्या तळाशी मकरंद असतो. शिंजीर पक्षी देठाला उलटा लटकतो आणि चोच आत खुपसतो. त्या धडपडीत पराग त्याच्या डोक्याला लागतो आणि तो पुढच्या फुलावर जातो. सध्या नराचा रंग बघाल तर जांभळा-निळा, उन्हात नुसता चमकतो. भोरड्यांचे थवेही याच दिवसांत पळसावर आणि काटेसावरीवर उतरतात. आपल्याकडे त्यांना पळस मैना म्हणतात ते यामुळेच. गुलाबी अंग, काळं डोकं. हिवाळा आपल्याकडे काढतात आणि उन्हाळा तापायच्या सुमारास मध्य आशियाकडे परत निघतात. एवढा मोठा पल्ला गाठायचाय त्यांना, आणि आपण त्यांच्या वाटणीची फुलं पिशवीत भरून न्यायची?

एका दादांनी लिहिलंय, "काहून एवढं करता ताई, पळस तर बांधाबांधावर आहे." आहे ना दादा. उमरेड रोडनं बाहेर पडलं की दोन्हीकडे दिसतो. पण परागण झालेल्या फुलाचीच शेंग होते, चपटी, टोकाला एकच बी असलेली. फूल आधीच तोडलं तर ती शेंग कुठून येणार? पळसाला पानं तीनच म्हणतो आपण, पण त्याच पानांच्या घरोघरी पत्रावळी आणि द्रोण व्हायचे. बांधावरचा पळस असाच, शेंगेतल्या बीमुळे टिकलाय, कुणी मुद्दाम लावलेला नाही.

आणि रंगाचं म्हणाल, तर पडलेल्या फुलाचा रंग कमी उतरत नाही हो! सकाळी लवकर जा, रात्रीतून गळालेली ताजी फुलं मिळतात. माझी मावशी सुपात वेचून आणायची आणि आम्ही पोरं ओसरीवर बसून ती मखमली वाटी काढून फेकायचो. ती वाटी काढाच, नाहीतर पाण्याला मळकट छटा येते. बोटं केशरी व्हायची आमची. तिच्या अंगणातल्या पळसाची एकही फांदी तिनं कुणाला मोडू दिली नाही.

मागच्या वर्षी आमच्या भागात रीलसाठी फुलांनी लगडलेली अख्खी फांदी मोडून नेलेली मी बघितली. दुपारपर्यंत ती रस्त्याच्या कडेला सुकून पडली होती. फार वाईट वाटलं. फोटो काढायचाय ना, झाडाखाली उभं राहून काढा, कोण नाही म्हणतंय? आणि गोरेवाडा किंवा पेंचच्या जंगलात फिरायला गेलात, तर तिथलं पडलेलं फूलसुद्धा उचलायचं नाही. ते जंगलाचं आहे.

"पांढरा पळस कुठं भेटेल?" हेही दरवर्षी येतं. फिकट पिवळट फुलांचा पळस असतो, दुर्मीळ असतो. पण धनलाभाच्या समजुतीपायी लोक त्याची साल आणि मुळ्याही खरवडून नेतात. मी पत्ता सांगणार नाही. तुम्हाला दिसला तर तुम्हीही सांगू नका.

आता चुना. फुलांत ब्युट्रिन नावाचं पिवळं द्रव्य असतं, म्हणून नुसत्या पाण्यात रंग पिवळा-केशरी येतो. चुना लागला की तोच गडद नारिंगी होतो. पण चुना थेट टाकू नका. खायचा चुना पाण्यात कालवून ठेवा, खाली बसू द्या आणि वरची निवळी चमचा-चमचा घाला. पोरांसाठी करत असाल तर चुना नकोच, अंगाला चरचरतो. पिवळा रंगही छानच दिसतो. पांढरा सुती रुमाल रंगवायचा असेल, तर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून घ्या, रंग चांगला धरतो.

फुलं जास्त वेचली असतील तर सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा, रंगपंचमीला कामी येतील.

आणि हो, पोरांना मोबाइलपासून उठवायचं असेल तर चाकोल्या थापायला बसवा. शेणाचे छोटे गोळे चपटे करायचे, मधोमध बोटानं भोक पाडायचं, वाळले की सुतळीत ओवून होळीला माळ घालायची. आमच्याकडे आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळे बसतात आणि वर झाडावर तांबट पक्ष्याचं टुक् टुक् सुरू असतं. फक्त उशीर करू नका. कडक वाळायला बरेच दिवस लागतात, आणि आपल्याकडे मार्चमध्ये अवकाळीचा, गारांचा नेम नाही. आभाळ आलं की चाकोल्या आधी आत घ्या, उघडलं की परत उन्हात. ओलसर राहिल्या तर ओवताना तुटतात.