ऐकून वाट सांगणारे यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण हातात मावणाऱ्या किंवा गाडीत समोरच्या काचेजवळ बसवता येणाऱ्या जीपीएस दिशादर्शकाविषयी बोलणार आहोत, आणि त्यातही अशा दिशादर्शकाविषयी, ज्यात वाट दाखवण्याबरोबर इतर अनेक सोयी भरलेल्या असतात. होकायंत्र, उंचीमापक आणि नकाशे तर असतातच. त्याखेरीज कोणात छायाचित्रे व गाणी साठवता येतात, कोणी ब्लूटूथवरून फोनशी जोडले जाते, तर कोणी उपग्रहामार्फत मदतीचा संदेशही पाठवते. असे यंत्र घेताना बहुतेक जण सोयींची यादी किती लांब आहे ते पाहतात. माझ्या मते पाहण्याची गोष्ट वेगळी आहे. या यंत्राचे मूळ काम एकच आहे आणि ते म्हणजे ऐकणे. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकायचे आणि त्यांवरून आपण कोठे आहोत हे काढायचे. बाकीची प्रत्येक सोय एकतर या ऐकण्याला मदत करते, नाहीतर त्याच्या वाट्याची वीज आणि आपले लक्ष खाते.

हे यंत्र ऐकते असे मी म्हणतो, ते शब्दशः घ्यावे. उपग्रहांवरून स्थान काढण्याच्या कल्पनेचा जन्मच ऐकण्यातून झाला आहे. नभोवाणीवरून सांगण्यास याहून योग्य हकिगत मला माहीत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

४ ऑक्टोबर १९५७, शुक्रवार. त्या दिवशी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८३ किलोंहून थोडा अधिक वजनाचा तो धातूचा गोळा सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी घेत होता. त्याच्या पोटात रेडिओ प्रक्षेपक होता आणि त्याचा ‘बीप, बीप’ असा आवाज २० मेगाहर्ट्झच्या जवळ, म्हणजे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात, कोणालाही ऐकता येत होता. जगभरातील हौशी रेडिओवाल्यांनी तो ऐकलाही.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची उपयोजित भौतिकी प्रयोगशाळा आहे. त्यानंतरच्या सोमवारी तेथे दुपारच्या जेवणाच्या वेळी अर्थातच स्पुटनिकच्या गप्पा निघाल्या. विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांना एका गोष्टीचे नवल वाटले. सगळे उपग्रहाविषयी बोलत होते, पण प्रयोगशाळेतील कोणीच त्याचा आवाज ऐकला नव्हता. वायफेनबाख यांच्याकडे त्यांच्या संशोधनासाठी आणलेला एक चांगला रेडिओ ग्राहक होता, आणि तो २० मेगाहर्ट्झवर लावता येत होता. त्यांनी अँटेना म्हणून तारेचा एक तुकडा त्याला जोडला. संध्याकाळी आवाज आला.

आता या हकिगतीतला मला सर्वांत प्रिय असलेला भाग येतो. अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेचे एक रेडिओ केंद्र त्या काळी नेमक्या २० मेगाहर्ट्झवर प्रमाणवेळेचे संकेत प्रक्षेपित करीत असे, आणि ते केंद्र याच परिसरात होते. स्पुटनिकची वारंवारता त्याहून किंचित वेगळी होती. दोन्ही संकेत ग्राहकात एकत्र आले की त्यांच्यातील फरक कानाला स्वर म्हणून ऐकू येई. हा स्वर स्थिर नाही, उपग्रह एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत तो हळूहळू उतरत जातो, हे त्या दोघांच्या ध्यानात आले. जवळून धडधडत जाणाऱ्या आगगाडीची शिटी आपल्याला येताना चढी आणि जाताना उतरलेली ऐकू येते, तसाच हा प्रकार होता. भौतिकशास्त्रात याला डॉप्लर परिणाम म्हणतात आणि तो या दोघांना ठाऊक होता. पण समोर उतरत जाणारा स्वर ऐकल्यावर तो मोजण्याची इच्छा होणे, ही निराळी गोष्ट आहे. त्यांनी तो आवाज वेळेच्या नोंदीसह ध्वनिफितीवर उतरवून घेतला. स्वर किती वेगाने उतरतो यावरून उपग्रह किती जवळून गेला हे कळते आणि संपूर्ण उताराच्या आकारावरून त्याची कक्षा काढता येते, हे त्यांनी गणिताने दाखवले. एका जागी बसून, नुसते ऐकून, अवकाशातील वस्तूचा मार्ग सांगता आला. हे काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. सुमारे तीन आठवड्यांनी स्पुटनिकची बॅटरी संपली आणि आवाज थांबला, तरी ध्वनिफिती हातात होत्या आणि काम चालू राहिले.

मार्च १९५८ मध्ये प्रयोगशाळेच्या संशोधन केंद्राचे प्रमुख फ्रँक मॅकक्लुअर यांनी दोघांना बोलावून एक प्रश्न विचारला. ऐकणाऱ्याची जागा माहीत असताना उपग्रह कोठे आहे हे तुम्ही काढलेत. आता उपग्रहाची कक्षा आधीच माहीत असेल, तर ऐकणारा कोठे आहे हे काढता येईल का? काही दिवसांच्या गणितानंतर उत्तर आले की काढता येईल आणि ते चांगल्या अचूकतेने काढता येईल. मॅकक्लुअर यांना हा प्रश्न सुचण्यामागे कारण होते. अमेरिकी नौदल पोलारिस क्षेपणास्त्रे वाहून नेणाऱ्या पाणबुड्या बांधत होते आणि खुल्या समुद्रात पाणबुडीला स्वतःचे स्थान नेमके कसे कळावे, ही मोठी अडचण होती. त्या एका उलट्या प्रश्नातून ट्रान्झिट नावाची उपग्रहप्रणाली उभी राहिली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह एप्रिल १९६० मध्ये कक्षेत गेला, १९६४ पासून नौदल ती वापरू लागले आणि १९६७ मध्ये ती नागरी जहाजांनाही खुली झाली.

ट्रान्झिटमध्ये उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत ताटकळावे लागे, आणि तो जाईपर्यंत बराच वेळ ऐकत राहावे लागे. पुढे अमेरिकी लष्करानेच उभारलेल्या जीपीएस या उपग्रहप्रणालीने ही अडचण दूर केली. त्याचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला आणि १९९५ मध्ये प्रणाली पूर्णत्वास गेल्याचे जाहीर झाले. नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली अशुद्धता १ मे २००० च्या रात्री काढून टाकण्यात आली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक एकदम कितीतरी कमी झाली. लष्करासाठी निर्माण झालेली गोष्ट सर्वांच्या हाती विनामूल्य यावी, हा निर्णय मला त्या शतकाच्या अखेरच्या चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो.

आता यंत्राकडे वळू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि वेळ सांगत असतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे तीनशे मीटरची चूक, म्हणून वेळ काटेकोर असावी लागते. स्वतःच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी यंत्राला तीनऐवजी चार उपग्रह ऐकावे लागतात. चार उपग्रह आणि उघडे आकाश, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

चार उपग्रह आणि उघडे आकाश हे मी पुन्हा म्हणतो, कारण या यंत्राचे बहुतेक फायदे आणि तोटे येथूनच निघतात. यंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. त्यामुळे मोबाइलचे जाळे जेथे पोहोचत नाही अशा डोंगरात, जंगलात किंवा समुद्रावरही ते चालते, आणि नकाशा यंत्रातच साठवलेला असल्याने तोही दिसत राहतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. उलट बाजूही याच गुणातून येते. आपण कोठे आहोत हे आपल्याला कळले, तरी दुसऱ्या कोणाला ते आपोआप कळत नाही. संकटात संदेश पाठवण्याची सोय हवी असेल, तर उपग्रहामार्फत बोलणारा वेगळा प्रक्षेपक असलेले उपकरण घ्यावे लागते आणि त्याला बहुधा नियमित वर्गणी भरावी लागते. जीपीएस आहे म्हणजे कोणीतरी आपल्याला शोधत येईल, ही समजूत धोक्याची आहे.

आकाश झाकले की ऐकणे बिघडते. अरुंद दरीत, घनदाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये संकेत कड्यांवर आणि भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि यंत्र त्या लांबलेल्या अंतरावर विश्वास ठेवते. उघड्यावर साधारण पाच मीटरच्या आत येणारी अचूकता अशा जागी पार ढासळू शकते. याची खूण पडद्यावर दिसते. आपण विश्रांतीसाठी एका जागी बसलो, तरी मागे उमटलेली मार्गाची रेषा थांबत नाही. तिचा बारीक गुंता होत राहतो आणि आपण पाऊलही न टाकता चाललेल्या अंतरात भर पडते. विश्रांतीच्या वेळी मार्गाची नोंद थांबवून ठेवावी, हे यावर सोपे उत्तर आहे. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू अशा इतर प्रणालींचेही उपग्रह ऐकणारे यंत्र घेतल्यास अडचणीच्या जागी बराच फरक पडतो, आणि माझ्या मते इतर कोणत्याही सोयीपेक्षा या सोयीवर पैसे खर्च करणे योग्य आहे.

आता जोडसोयींविषयी. यंत्रात होकायंत्र नसेल, तर दिशेचा बाण आपण चालत असतानाच खरा असतो; उभे राहिल्यावर यंत्राला आपले तोंड कोणीकडे आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक होकायंत्र ही खरी उपयोगी सोय आहे, मात्र सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे आणि ध्वनिवर्धक, चुंबकी झाकणे व गाडीचा धातू यांपासून दूर धरावे. उंचीच्या बाबतीत जीपीएस मुळातच थोडे कच्चे आहे, कारण सर्व उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात. वायुदाबावर चालणारा उंचीमापक ही उणीव भरून काढतो, पण तो हवामानालाही फसतो. रात्री तंबूत ठेवलेले यंत्र सकाळी तीस-चाळीस मीटर अधिक उंची दाखवत असेल, तर यंत्र बिघडलेले नसते. हवेचा दाब उतरलेला असतो. समुद्रसपाटीजवळ दाबातील एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीतील सुमारे आठ मीटर, असे प्रमाण आहे. मुक्काम न हलवता उंची वाढलेली दिसली, तर पाऊस-वाऱ्याची शक्यता धरावी.

गाणी, चित्रे, चलचित्रे यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. वाट दाखवणाऱ्या यंत्रात ती नसावीत. पडदा उजळ ठेवणे हे बॅटरीवरील फार मोठे ओझे आहे, आणि चलचित्र पाहताना तो सतत उजळलेला असतो. गाडी चालवणाऱ्याच्या नजरेसमोर ते असणे तर सरळ अपघाताला निमंत्रण आहे. याउलट, वळण जवळ आल्याचे बोलून सांगण्याची सोय मला या यंत्रातील सर्वांत मोलाची वाटते, कारण तिने डोळे रस्त्यावर राहतात. मी आयुष्यभर कानासाठी लिहीत आलो आहे म्हणून हे म्हणतो असे नाही. रात्रीच्या पावसात अनोळखी चौकात चारपाच इंचांच्या पडद्याकडे पाहणे आणि ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ हे ऐकणे, यांतील फरक चालकाला लगेच कळतो. गाडीसाठी यंत्र घेताना त्याचा आवाज इंजिनाच्या गोंगाटात स्पष्ट ऐकू येतो का, हे आधी तपासावे. तसेच ‘सर्वांत जवळचा मार्ग’ ही निवड टाळून ‘सर्वांत जलद मार्ग’ ठेवावा, कारण जवळचा मार्ग शोधताना यंत्र मोठी गाडी वळणारही नाही अशा गल्लीत नेऊ शकते. नकाशा जुना झाला असेल तर यंत्राचे स्थान अचूक असूनही रस्ता चुकीचा निघतो. स्थान उपग्रहांकडून येते, रस्ता मात्र साठवलेल्या नकाशातून येतो. येथेच मला असेही वाटते की कागदी नकाशा वाचणे प्रत्येक शाळेत शिकवले जावे, कारण ज्याला नकाशा वाचता येतो त्याला यंत्राची चूक ओळखता येते.

पायी भटकणाऱ्यांनी बदलता येणारे साधे सेल चालतात असे यंत्र निवडावे. थंड हवेत अल्कलाइनपेक्षा लिथियम सेल अधिक टिकतात. बऱ्याच काळाने सुरू केलेले यंत्र हातात घेऊन लगेच चालू लागू नये. उपग्रहांची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे येते. एका उपग्रहाची कक्षा समजून घेण्यासच अर्धा मिनिट लागतो आणि सर्व उपग्रहांची यादी पूर्ण होण्यास साडेबारा मिनिटे. उघड्यावर काही मिनिटे ते स्वस्थ धरावे. जुने, वापरलेले यंत्र घेणार असाल तर तारीख आवर्जून पाहा. जीपीएसचा मूळ संकेत १०२४ आठवड्यांनी आठवड्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असे झाले, आणि ज्या यंत्रांची प्रणाली अद्ययावत झाली नव्हती त्यांतील काहींची तारीख सुमारे वीस वर्षे मागे गेली.

शेवटची सूचना अक्षांश-रेखांशांविषयी. मदतीसाठी कोणाला फोनवर आपले स्थान सांगायचे असेल, तर आकड्यांबरोबर ते कोणत्या पद्धतीत आहेत हेही सांगावे. ४५.३० अंश आणि ४५ अंश ३० मिनिटे हे कानाला सारखेच वाटतात, पण दुसरा आकडा म्हणजे ४५.५० अंश होतो आणि अक्षांशात या दोहोंत सुमारे २२ किलोमीटरचे अंतर पडते. आपल्या यंत्रात कोणती पद्धत लावलेली आहे, हे घरून निघण्यापूर्वी सेटिंगमध्ये पाहून ठेवावे आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात तीच लावावी.

नमस्कार.