फ्रेममधला रिकामेपणा

श्रोतेहो, नमस्कार. फोटोंविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच, दाखवता काहीच येत नाही. पण आजचे फोटो असे आहेत की डोळे मिटले तरी समोर येतील. निसर्गदृश्यांचे आणि इमारतींचे. डोंगर, तळं, कमान, जिना, घुमट. आणि बहुतेक वेळा त्यात माणूस मात्र एकही नाही.

मी हे दोन्ही प्रकारचे फोटो काढते. दोन्हीकडे एक अलिखित नियम पाळला जातो: माणसं फ्रेमबाहेर जाईपर्यंत थांबायचं. घोळका सरकला की शटर दाबायचं. हा नियम आला कुठून हे पाहायला गेलं तर त्याच्या मुळाशी निव्वळ नाइलाज सापडतो.

कॅमेऱ्याने काढलेला आणि आज शिल्लक असलेला सर्वांत जुना फोटो फ्रान्सच्या निसेफोर नीएप्सचा, साधारण 1826-27 सालचा. खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती, म्हणजे इमारतींचाच. प्रतिमा उमटायला इतका वेळ लागला की तोवर सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. पुढे 1838 मध्ये लुई दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. कॅमेऱ्यातल्या प्लेटवर, म्हणजे प्रतिमा उमटते त्या पत्र्यावर, काही मिनिटं प्रकाश पडत राहिला, आणि जे जे हलत होतं ते पुसलं गेलं. माणसं, गाड्या, सगळं. दिसतो तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाला, जरा अंधुक. रस्ता भरलेला होता, फोटोत ओसाड झाला.

पुढे प्लेटा वेगवान झाल्या, शटर आलं, पण रिकामेपणाची सवय काही गेली नाही. तिला आता अभिरुची म्हणू लागले. माणूस नसला की आकार स्वच्छ दिसतो, रेषा मोकळ्या होतात, हे मला मान्य आहे. उभ्या रेषांबद्दल तर मी स्वतःच हट्टी आहे. कॅमेरा वर कलवला की इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते, म्हणून तो सरळ ठेवायचा आणि उंची हवी असेल तर शिफ्ट लेन्सने भिंग वर सरकवायचं. हे सगळं करावंच. माझी तक्रार वेगळी आहे.

फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्स 1861 मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीच्या खोऱ्यात गेला, साधारण 18 बाय 22 इंचांच्या काचेच्या प्लेटा खेचरांवर लादून. त्याचे कडे, धबधबे, स्थिर पाणी पाहून आजही थक्क व्हायला होतं. 1864 मध्ये अमेरिकी सरकारने ते खोरं संरक्षित केलं, त्यात या फोटोंचा वाटा मानला जातो. फोटोंत ते खोरं कुणी पाय न ठेवलेलं वाटतं. प्रत्यक्षात तिथे आवानीची या मूळ रहिवाशांची वस्ती होती, आणि वॉटकिन्स पोचण्याच्या दहा वर्षं आधी, 1851 मध्ये, सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकावलं होतं. वॉटकिन्सने खोटं काही टिपलं नाही. पण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तो रिकामेपणा कधी कधी कुणीतरी घडवून आणलेला असतो. निसर्गदृश्य फ्रेममध्ये बसवताना हे माझ्या डोक्यात असतं.

याउलट फ्रेडरिक इव्हान्सचा 1903 चा फोटो घ्या. इंग्लंडमधल्या वेल्स नावाच्या गावातल्या कॅथीड्रलचा जिना. त्यातही माणूस नाही, पण पायऱ्या इतक्या झिजलेल्या, लाटांसारख्या खालवर झालेल्या, की शतकानुशतकं चढलेले पाय दिसतात. रिकामा फोटो असाच असावा. आणि ॲन्सेल ॲडम्सचा 1941 मधला, अमेरिकेतल्या हर्नांडेझ या वस्तीवरचा चंद्रोदय: आकाश अफाट, पण नजर जाते खालच्या घरांकडे, चर्चकडे, स्मशानातल्या उन्हात उजळलेल्या क्रुसांकडे. घाईत प्रकाश मोजायचं लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता ठाऊक होती तिच्यावरून त्याने एक्सपोजर, म्हणजे आत किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवलं. एक फोटो झाला आणि क्रुसांवरचं ऊन गेलं. ती वस्ती काढून टाका, उरेल फक्त सुंदर आकाश. तशी आकाशं ढिगाने मिळतात.

ज्युलियस शुलमनचा 1960 चा लॉस एंजेलिसमधला काचेच्या घराचा फोटो तर सगळ्यांत धूर्त. खाली शहराचे दिवे, वर अधांतरी काचेची खोली, आत गप्पा मारत बसलेल्या दोन बायका. दिव्यांसाठी लांब एक्सपोजर, आणि मग बायकांसाठी फ्लॅश, एकाच निगेटिव्हवर. त्या दोघींमुळे ते घर राहण्याचं वाटतं. नाहीतर काच आणि पोलाद.

आता फोनमध्येच माणसं पुसायची सोय आहे. दागेरचा नाइलाज आपण हौसेने करतो. मी उलटं करून पाहते: शटर पाव सेकंदावर ठेवते, चालणारा माणूस किंचित विरघळतो. चेहरा ओळखू येत नाही, चाल कळते, आणि दाराची उंची एका नजरेत समजते. डोंगरात माणूस लहानसा, फिकट खडकासमोर गडद कपड्यातला असावा, म्हणजे तो हरवत नाही.

आर्किटेक्ट कधी विचारतात, ‘ही बाई मध्ये कशाला?’ मी म्हणते, तुमची कमान केवढी आहे ते हिच्यामुळेच कळतंय. काही जणांना पटतं. काही जण रिकामाच फोटो मागतात. तोही मी काढून ठेवलेला असतो.